हेवीचं लायसन: क्लास कसा निवडायचा आणि ट्रायल कशी पास व्हायची

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलला फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, हेवीचं, म्हणजे ट्रकसारख्या मोठ्या गाडीच्या लायसनचं, किती घेता. दुसरा, किती दिवसांत लायसन हातात येईल. शिकवता कुठल्या गाडीवर हे फार कमी लोक विचारतात, आणि खरं म्हणजे सगळ्यात आधी तेच विचारायला पाहिजे. म्हणून हे पत्रक काढलंय. ऍडमिशन आमच्याकडे घ्या नाहीतर दुसरीकडे, चिपळूण, खेड, रत्नागिरी, कुठेही घ्या, पण पैसे भरायच्या आधी हे एकदा वाचून घ्या.

तुम्हाला हेवी लागतंय का ते आधी बघा

बऱ्याच जणांना लागतच नाही. आंब्याच्या सीझनला पेट्या घेऊन वाशीला जायचंय, मच्छीचा छोटा टेम्पो चालवायचाय, दुकानाचा माल आणायचाय, एवढंच काम असेल तर गाडीचं आरसी बुक काढा आणि त्यात एकूण वजन किती लिहिलंय ते बघा. ७५०० किलोपर्यंत असेल तर ती लाइट मोटर व्हेइकल, म्हणजे एलएमव्ही. अशी गाडी भाड्याला चालवायची तर लायसनवर ट्रान्सपोर्टचा वेगळा शिक्का पाहिजे का, यावरून इन्शुरन्सवाले आणि गाडीमालक कित्येक वर्षं कोर्टात भांडत होते, शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या घटनापीठाने निकाल दिला की साधं एलएमव्ही लायसन चालतं, वेगळा शिक्का नको. घातक माल नेणाऱ्या गाडीला मात्र ही सूट नाही. तर पिकअपवाल्यांनो, कोणी तुम्हाला भीती घालून हेवीच्या बॅचला बसवत असेल तर आधी त्याला हा निकाल विचारा. आमचं गिऱ्हाईक कमी होतं यात, पण ठीक आहे.

सहाचाकी, दहाचाकी, चिऱ्याच्या गाड्या, डंपर, टँकर, जयगडच्या बंदरावर जाणाऱ्या मोठ्या गाड्या, यांना मात्र पाहिजेच.

अटी

वय २० पूर्ण पाहिजे आणि एलएमव्हीचं पक्कं लायसन मिळून एक वर्ष झालेलं पाहिजे. अठराव्या वर्षी कारचं लायसन काढून ठेवलं असेल तर विसाव्याला हेवीचं लर्निंग काढता येतं, म्हणून ज्यांच्या घरात ट्रकचा धंदा आहे त्यांनी पोराचं कारचं लायसन उगाच लांबवू नये. आठवी पासची अट २०१९ सालीच काढून टाकलीय, तरी अजून लोक शाळा सोडल्याचा दाखला शोधत बसतात आणि काही जण तर दाखला नाही म्हणून येतच नाहीत. या तुम्ही.

डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, फॉर्म १ए. ते नुसतं सही मारून आणू नका, डोळे खरंच तपासून घ्या. रात्री समोरच्या गाडीचा लाइट आला की बाजूची पट्टी दिसेनाशी होते असं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, महामार्गावर अर्धवट कामाच्या डायव्हर्जनला कळण्यापेक्षा.

लर्निंग सहा महिने चालतं आणि ते निघाल्यावर ३० दिवस झाल्याशिवाय ट्रायल, म्हणजे आरटीओची गाडी चालवायची परीक्षा, देता येत नाही. त्यामुळे "आठ दिवसांत हेवी" असं कुठे बोर्डावर दिसलं तर तिथून सरळ पुढे चला.

क्लास निवडताना

हेवीचं लायसन घरच्या गाडीवर शिकून काढता येत नाही. मालवाहू गाडीसाठी लायसन असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचं सर्टिफिकेट लागतंच, त्याला फॉर्म ५ म्हणतात. आणि इथेच सगळी गडबड आहे. काही ठिकाणी फॉर्म ५ च विकतात, म्हणजे तुम्ही पैसे द्यायचे, शिकायला जायचंच नाही, ट्रायलच्या दिवशी गाडी भाड्याने मिळते. ज्यांनी मामाच्या डंपरवर पाच वर्षं क्लिनर म्हणून काढलीत त्यांना वाटतं बरंच झालं, वेळ वाचला. पण नियमात मालवाहू गाडीचं ट्रेनिंग किमान ३० दिवसांचं आहे आणि त्यात प्रत्यक्ष चालवायचे किमान १५ तास आहेत. हे १५ तास तुम्ही पैसे देऊन विकत घेतलेत, ते मागून घ्या.

कसे मागायचे ते सांगतो. प्रत्येक स्कूलला दोन रजिस्टर ठेवावी लागतात, एक नाव नोंदणीचं फॉर्म १४ आणि दुसरं फॉर्म १५, त्यात कोणी कुठल्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली हे लिहायचं असतं. ऍडमिशनच्या वेळीच म्हणा, मला माझ्या पानावर रोज सही करायचीय. जो स्कूलवाला खरंच गाडी चालवायला देतो तो लगेच हो म्हणेल, जो देत नाही तो म्हणेल ते आमचं आम्ही बघतो. बस, तुम्हाला उत्तर मिळालं.

आणि स्टेअरिंगवरचा वेळच मोजा, केबिनमधला नाही. गाडीत चार पोरं बसवतात, तासभर फिरवतात, तुमच्या वाट्याला येतात पंधरा मिनिटं, बाकी पाऊण तास तुम्ही दुसऱ्याचं गिअर मारणं बघताय. बघूनही शिकता येतं, आम्ही नाही म्हणत नाही, पण रजिस्टरला तुमच्या नावावर तास लिहिला आणि चालवली पंधरा मिनिटं, असं होऊ देऊ नका.

स्कूलचं लायसन भिंतीवर लावलेलं असतं, फॉर्म ११, पाच वर्षांचं असतं, तारीख बघा आणि त्यात हेवी शिकवायची परवानगी आहे का तेही बघा, कारण पुष्कळ ठिकाणी फक्त कारचीच असते. मग मागे जाऊन गाडी बघा. शिकवणाऱ्याच्या बाजूला ब्रेक क्लच आहेत का, फिटनेस चालू आहे का, आरसे धड आहेत का. आरसा दोरीने बांधलेल्या गाडीवर रिव्हर्स कोणी शिकवू शकत नाही.

गाडी कुठल्या वर्षाची हेही विचारा. एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस सिक्स, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या आहेत, त्यांचा डॅशबोर्ड वेगळा, युरियाची टाकी वेगळी, आणि क्लासची गाडी बहुतेक ठिकाणी जुनीच असते, आमचीही जुनीच आहे. जुन्यावर शिकलं तर वाईट नाही, उलट क्लच आणि गिअरचा अंदाज चांगला बसतो, फक्त नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवशी मालकाच्या गाडीतला कुठला दिवा कशाचा ते विचारून घ्यायला लाजू नका.

आता रस्त्याचं. कुठल्या रूटवर शिकवता हे विचाराच. नुसतं मैदानात आणि एमआयडीसीच्या सपाट रस्त्याला फिरवून आणत असतील तर कोकणात त्याचा उपयोग काय? इथे दक्षिणेला उत्तरेला कुठेही जा, नाहीतर वर घाटावर जा, चढ उतार आलाच. आम्ही पहिले काही दिवस सपाटीला, मग परशुराम घाट, आणि हात बसला की बहादूरशेख नाक्यावरून कराड रोडला कुंभार्ली घाट. कुंभार्ली चढताना शिकायला मिळतं ते क्लच, आणि उतरताना शिकायला मिळतं ते सगळं बाकीचं. उतार लागायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, उतारात मध्यावर नाही, कारण गाडीने वेग पकडल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि हातात न्यूट्रल राहतो, मग नुसत्या ब्रेकवर गाडी. ब्रेक सतत दाबून धरला की ड्रम तापतात, वास येतो, आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. एक्झॉस्ट ब्रेक आहे तो याच कामाचा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे ड्रायव्हर अजून आहेत, तुमच्या ओळखीतही असतील, त्यांच्याकडून गाण्यांच्या कॅसेटी घ्या, हे घेऊ नका. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, वर जाणाऱ्या भरलेल्या गाडीला मध्येच थांबवलं तर तिला परत उचलायला काय त्रास होतो ते एकदा स्वतः केलं की कोणाला सांगावं लागत नाही.

एक गोष्ट खरीखुरी सांगून टाकतो, क्लासची गाडी रिकामी असते. भरलेली गाडी उतारावर कशी ढकलते ते रिकाम्या गाडीत कळत नाही. त्यामुळे लायसन मिळालं म्हणून दुसऱ्या दिवशी चिरे भरलेली गाडी घेऊन एकट्याने आंबा घाट उतरू नका, जुन्या ड्रायव्हरच्या बाजूला बसून थोडे दिवस काढा. मालकांनीही हे समजून घ्यावं.

सरकारने २०२१ पासून मान्यताप्राप्त ट्रेनिंग सेंटरची वेगळी योजना आणलीय, हेवीसाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर, सहा आठवड्यांत ३८ तासांचा कोर्स. तिथून पास झालात तर आरटीओची ट्रायल माफ. आम्ही तसं सेंटर नाही, आम्ही साधं स्कूल आहोत. तुम्हाला सहा आठवडे बाहेर राहणं परवडत असेल तर असं सेंटर कुठे आहे ते आरटीओत विचारा, चांगलंच आहे ते.

पैसे

सरकारी फी फार नाही. लर्निंगला १५० आणि ट्रायलला ३०० प्रत्येक प्रकारच्या गाडीमागे, लायसनवर हेवी वाढवायचे ५००, वर कार्डाचे पोस्टाचे किरकोळ. बाकी जे घेतात ते शिकवायचे, डिझेलचे आणि गाडीचे. म्हणून एकच आकडा ऐकून येऊ नका, त्यात ट्रायलच्या दिवशीची गाडी धरलीय का, नापास झालात तर दुसऱ्या वेळेला गाडीचे परत पैसे लागतील का, हे लिहून घ्या. "साहेबांचे वेगळे" असं कोणी म्हणालं तर ते पैसे कुठे जातात ते त्यालाच माहीत, आम्ही घेत नाही आणि तुम्हीही देऊ नका.

ट्रायल

स्लॉट सारथीवर, म्हणजे लायसनच्या सरकारी वेबसाइटवर, ऑनलाइन घ्यायचा, रत्नागिरीला की तालुक्याच्या कॅम्पला ते घेतानाच नीट बघा. गाडी त्याच प्रकारची आणि कागद चालू असलेली पाहिजे.

गाडीत चढायच्या आधी एक फेरी मारा. टायर, लाइट, खाली ऑइल गळतंय का, चाकाखाली उटी, म्हणजे अडकवलेला दगड किंवा ठोकळा, आहे का. साहेब बघतायत म्हणून नाटकी करायची नाही पण ते बघतातच. मग चढा, सीट, आरसे, बेल्ट. इंजिन चालू केलं की लगेच निघू नका, एअर ब्रेकची गाडी आहे, हवा भरू द्या. प्रेशरचा काटा वर येतो, बझर वाजत असतो तो बंद होतो, मग हँडब्रेक काढायचा. बझर वाजत असताना गिअर टाकणारी पोरं दर बॅचला असतात, घाबरतात म्हणून, गाडी येत नसते म्हणून नाही.

सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती रिव्हर्सला. नियमातच आहे की मागे घेत डाव्या नाहीतर उजव्या अरुंद जागेत गाडी घालून दाखवायची. ट्रकला मागची काच कामाची नाही, दोन आरशांवरच सगळं. मागचं चाक आरशात कुठे दिसतंय त्यावर नजर ठेवा, कडेला उभी केलेली दांडी कुठे आहे त्यावर नको, चाक नीट गेलं की बॉडी मागोमाग येते. स्टेअरिंग थोडं थोडं फिरवा. आणि चुकतंय असं वाटलं की थांबा, पुढे घ्या, परत करा. दांडी पाडण्यापेक्षा पुढे घेतलेली कधीही चांगली, आणि काही दिसत नसेल तर उतरून बघा, चांगला ड्रायव्हर उतरूनच बघतो.

दुसरं चढावर थांबून उचलणं. गाडी मागे सरकता कामा नये. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळू सोडत आणायचा, इंजिनचा आवाज बसल्यासारखा होतो आणि केबिनचं नाक किंचित उचलल्यासारखं वाटतं, तेव्हा हँडब्रेक सोडा आणि रेस द्या. त्याआधी सोडलात तर मागे, उशिरा सोडलात तर बंद. परशुरामच्या चढाला आम्ही हे इतक्या वेळा करून घेतो की पोरं वैतागतात.

बाकी वळताना मागचं चाक आत येतं हे लक्षात ठेवून वळण मोठं घ्या, उतार लागायच्या आधीच गिअर कमी करा, इशारा द्या, उगाच वेग दाखवू नका.

नापास झालात तर सात दिवसांनी परत देता येते. तीनदा नापास झालात तर मग ६० दिवस थांबावं लागतं, म्हणून तयारी नसताना नुसता चान्स घेऊन बघू असं करू नका.

लायसन मिळाल्यावर

हे पाच वर्षं चालतं. पूर्वी मुदत संपली तरी ३० दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली, म्हणजे मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही बिनलायसनचे, आणि तेव्हाच ऍक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला हीच तारीख पहिली काढतो. रिन्यू एक वर्ष आधीपासून करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर परत ट्रायल.

लोट्याच्या एमआयडीसीत केमिकलच्या टँकरवर काम पाहिजे असेल तर नुसतं हेवी पुरत नाही. घातक मालाचं तीन दिवसांचं वेगळं ट्रेनिंग घेऊन लायसनवर तशी नोंद करावी लागते, ती तीन वर्षं चालते आणि रिन्यू करताना एक दिवसाचा रिफ्रेशर असतो. यासाठी मराठीबरोबर इंग्रजीही थोडं लिहिता वाचता आलं पाहिजे, कारण टँकरवरच्या सूचना वाचायच्या असतात. पगार बरा असतो म्हणून विचारणारे पुष्कळ आहेत.

चौकशीला येताना जुनं ओरिजिनल लायसन, आधार आणि फोटो घेऊन या. सकाळी गाडी रस्त्यावर असते, तेव्हा फोन उचलला जात नाही, व्हॉट्सॅपला मेसेज टाकून ठेवा, दुपारनंतर फोन करतो. आधी एक दिवस फुकट केबिनमध्ये बसून बघायचं असेल तर तेही चालेल, फक्त पावसाळ्यात कुंभार्लीला दरड आली की तो रूट बंद असतो, तेव्हा विचारून या.