वळीला तारीख नसते, ग्रॅनाइटला असते

पर्वत उभा राहताना खडकांच्या थरांना वळ्या पडतात. पण वळी कधी पडली, हे नुसतं तिच्याकडे पाहून कळत नाही. अशा वेळी ग्रॅनाइट साक्षीला येतो. खोलवर तयार झालेला शिलारस भेगांमधून जुन्या खडकांत घुसतो आणि तिथेच थिजतो. भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी १७८५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लेन टिल्ट खोऱ्यात अशा शिरा पाहिल्या. घुसलेला ग्रॅनाइट नंतरचा, एवढं त्यावरून पक्कं झालं.

शीर वळ्यांना सरळ छेदून गेली असेल, तर वळ्या आधीच्या. शीरही थरांसोबत दुमडली असेल, तर तिच्यानंतरही दाब चालू होता. अशा दोन शिरांची वयं मिळाली की वळ्या पडण्याचा काळ कोंडीत सापडतो.

वय मिळतं ते झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांतून. घडताना झिरकॉन युरेनियमला थोडी जागा देतं, शिशाला मात्र जवळपास नाहीच. त्यामुळे आत आज सापडणारं शिसं बहुतेक सगळं युरेनियमच्या ऱ्हासातून आलेलं असतं. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा वेळ, सुमारे ४४७ कोटी वर्षं, युरेनियम-२३५चं सुमारे ७० कोटी. म्हणजे एकाच कणात दोन घड्याळं! दोन्ही एकच वेळ दाखवत नसतील, तर मधल्या काळात शिसं निसटलं असावं किंवा कणात वेगवेगळ्या वयांचे भाग मिसळले असावेत.

ही मिसळ फार फसवी. हिमालयातले फिकट ग्रॅनाइट जुने गाळाचे खडक वितळून झाले. त्यांच्या झिरकॉनचा गाभा अनेकदा ५० कोटी वर्षांहून जुना, तर बाहेरचं कवच साधारण २ कोटी वर्षांचं. अख्खा कण विरघळवला तर मधलंच एखादं वय हाती येतं, ज्या काळात तिथे काहीच घडलेलं नसतं! म्हणून आता लेझर किंवा आयनांच्या झोताने कणाचा नेमका बिंदू तपासतात.

भारत आणि आशियाची टक्कर सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाली. मग हे ग्रॅनाइट इतके उशिरा का? टकरीने जाड झालेलं पृथ्वीचं कवच आतल्या किरणोत्सारी उष्णतेने तापायला कोट्यवधी वर्षं लागतात. लडाखच्या ग्रॅनाइटची गोष्ट वेगळी. त्याचा बराचसा भाग टकरीआधीचा, भारत आणि आशियामधल्या टेथिस समुद्राचा तळ आशियाखाली बुडत होता तेव्हाचा.