म्युझियमला मित्र का लागतात, याची मुंबईतली गोष्ट

काळा घोड्याजवळच्या म्युझियमला, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, अजूनही कित्येक जण प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात, आणि त्या नावामुळे वाटतं की इंग्रज सरकारने बांधून दिलं असेल. तसं नाहीये. १९०५ साली इंग्लंडचा राजपुत्र, म्हणजेच प्रिन्स ऑफ वेल्स, येणार होता, ते निमित्त धरून मुंबईतल्या पुढारी मंडळींनी ठरवलं की शहराचं स्वतःचं म्युझियम हवं, ११ नोव्हेंबरला त्याच्याच हातून पायाभरणी करून घेतली आणि मग पैसे जमवले. सरकारने ३ लाख दिले, महापालिकेने अडीच लाख, पण एकट्या सर करीमभाई इब्राहिम यांनीही ३ लाख दिले, म्हणजे सरकारच्या बरोबरीने, सर कावसजी जहांगीर यांचे ५० हजार, शिवाय लोकवर्गणी होतीच.

दगड कुर्ल्याचा आणि मालाडचा. आत घुमटाखाली ते कोरीव लाकडी खांब आणि कमानी आहेत ना, त्या आर्किटेक्ट जॉर्ज विटेटने नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेतल्या होत्या. पुढच्या वेळी गेलात तर तिथे जरा थांबून नीट बघा, खरंच बघण्यासारखं काम आहे. पहिल्या महायुद्धात इमारतीत लष्करी हॉस्पिटल होतं, त्यामुळे म्युझियम उघडायला १० जानेवारी १९२२ उजाडला.

बऱ्याचशा वस्तूही खासगी संग्रहांतूनच आल्या. १९१५ मध्ये पुरुषोत्तम मावजींचा संग्रह, मग सर रतन टाटा आणि सर दोराब टाटांचा. पण संग्रह एकदा मिळतो आणि सांभाळावा रोज लागतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. मुंबईचा जुलै म्हणजे कागदाला बुरशी, पोथ्यांना कसर, आणि लघुचित्रांवर सतत उजेड पडला तर रंग उडतात म्हणून ती आलटून पालटून आत ठेवावी लागतात. ह्या कामाला कोणी मोठा शेटजी आपलं नाव देत नाही, कारण दाखवायला काही नसतं.

साठच्या दशकात म्युझियम सोसायटी ऑफ बॉम्बे, म्हणजे म्युझियमच्या मित्रांची संस्था, निघाली ती मला म्हणूनच फार महत्त्वाची वाटते. (पॅरिसमध्ये लूव्र म्युझियमच्या मित्रांची अशी संस्था १८९७ पासून आहे.) मेंबर व्हायचं, व्याख्यानं ऐकायची, सहलींना जायचं, असं साधं स्वरूप, पण त्यातून वस्तू ओळखणारी माणसं तयार होतात आणि ओळख झाली की माणूस आपणहून हात पुढे करतो. त्याच काळात म्युझियमच्या मागे खंबीरपणे उभे राहिलेले कार्ल खंडालावाला हे गाजलेल्या नानावटी खून खटल्यातले बचावाचे वकील, आणि तितकेच मोठे चित्रकलेचे अभ्यासक. त्यांनी आपला स्वतःचा संग्रहही म्युझियमला दिला.

राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड म्युझियमचं वेगळं झालं. तेही नाना शंकरशेट, भाऊ दाजी यांच्या खटपटीतून उभं राहिलेलं, १८७२ मध्ये उघडलेलं, पण पुढे महापालिकेच्या भरवशावर राहिलं आणि विसाव्या शतकाच्या शेवटी त्याची अवस्था बघवत नव्हती. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी दुरुस्तीसाठी करार केला, त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला, आणि २००८ च्या जानेवारीत दारं पुन्हा उघडली. आता तिथेही कारभार एकट्या महापालिकेकडे नाही, ट्रस्टमध्ये हे तिघंही आहेत.