बालविकास आणि सामाजिक पर्यावरण (नागपूर)

मुलाची शारीरिक, बौद्धिक आणि भावनिक वाढ ज्या माणसांच्या सहवासात, ज्या वस्तीत आणि समाजाच्या ज्या पायरीवर होते, त्या सर्वांना मिळून सामाजिक पर्यावरण म्हणतात. कुटुंब, शेजार, शाळा, आईवडिलांचे काम, शासनाची धोरणे असे त्याचे एकात एक गुंतलेले थर मानसशास्त्रज्ञ यूरी ब्रोनफेनब्रेनर (१९१७–२००५) यांनी मांडले. पुढील बहुतेक लेखन त्याच मांडणीच्या आधाराने झाले आहे. या नोंदीत त्या थरांचा नागपूर शहराच्या संदर्भात विचार केला आहे.

आनुवंशिकता की परिस्थिती, हा वाद सर्वांत स्पष्ट दिसतो तो उंचीच्या मोजमापात. वयाच्या मानाने उंची प्रमाणित मध्यकापेक्षा (त्या वयासाठी ठरवलेल्या मधल्या उंचीपेक्षा) दोनहून अधिक प्रमाण विचलनांनी (मोजमापांच्या विखुरणीच्या एककांनी) कमी असेल, तर मूल खुजे समजले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रमाणके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत. भारतातील नमुना दक्षिण दिल्लीतील सुस्थित कुटुंबांमधून घेतला होता. स्तनपान, आरोग्यसेवा आणि स्वच्छ परिसर लाभलेल्या या मुलांची पाच वर्षांपर्यंतची वाढ सर्व देशांत जवळजवळ सारखी आढळली. भारतीय मुले मुळातच लहान चणीची असल्याने ही प्रमाणके खुजेपणा फुगवून दाखवतात, असा आक्षेप अर्थतज्ज्ञ अरविंद पानगढिया यांनी २०१३ मध्ये घेतला. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. दिल्लीच्या नमुन्याचा पुरावा लक्षात घेता, निदान पाच वर्षांखालील मुलांच्या बाबतीत परिस्थितीचा वाटा मोठा मानणारा पक्ष अधिक भक्कम वाटतो. महाराष्ट्रात या वयोगटातील खुजेपणाचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५–१६) ३४.४ टक्के, तर पाचव्या फेरीत (२०१९–२१) ३५.२ टक्के होते.

केवळ आहाराने ही उणीव भरून निघते का, या प्रश्नावर जमैकातील किंग्स्टन शहरातल्या प्रयोगाचा दाखला सर्वत्र दिला जातो. १९८६–८७ मध्ये नऊ ते चोवीस महिने वयाची १२९ खुजी मुले निवडून त्यांचे चार गट केले गेले. एका गटाला दुधाचा पूरक आहार मिळाला. दुसऱ्या गटातील मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर येऊन आईला मुलाशी खेळायला आणि बोलायला शिकवत. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळाले, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. हे दोन वर्षे चालले. सुमारे वीस वर्षांनी खेळ-संवाद मिळालेल्यांची कमाई तो न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त आढळली. पूरक आहाराचा तसा दीर्घकालीन परिणाम मात्र दिसला नाही. नमुना लहान आहे, तरी अंगणवाडीच्या दृष्टीने हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजनेत (२ ऑक्टोबर १९७५ पासून) पूर्वशालेय शिक्षण पहिल्यापासून अंतर्भूत आहे. पण पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी आणि दंडघेर मोजणे यांतच सेविकेचा दिवस सरतो. गाणी, गोष्टी आणि खेळ उरलेल्या वेळेवर सोडले जातात, ही खेदाची गोष्ट आहे.

नागपुरात मुलांच्या परिस्थितीचा प्रश्न प्रथम गिरणीच्या निमित्ताने पुढे आला. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. आई पाळीवर गेल्यावर तान्हे मूल सांभाळायचे कोणी, ही अडचण सर्वच गिरणी-शहरांत होती. मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल मुंबईच्या गिरणगावात रूढ होती. कारखान्यात पाळणाघर असण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पन्नासहून अधिक स्त्रिया काम करत असलेल्या ठिकाणी केली. १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. हातमागावर घरीच विणकाम करणाऱ्या कोष्टी आणि मोमीन कुटुंबांना या कायद्याचा उपयोग नव्हता. बाळंतपण व अर्भकसंगोपनाच्या क्षेत्रात कमलाबाई होस्पेट (१८९६–१९८१) आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये नागपुरात स्थापन केलेला मातृसेवा संघ हा महत्त्वाचा टप्पा होय.

नागपूरच्या संदर्भात सर्वांत महत्त्वाचा थर जातीचा आहे. अस्पृश्य मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढण्याचे श्रेय दोन व्यक्तींना दिले जाते. मोहपा येथील किसन फागुजी बनसोडे (१८७९–१९४६) यांनी १९०७ मध्ये नागपुरात अशी शाळा सुरू केल्याचे सांगतात. ते गिरणी कामगारांत वावरणारे कार्यकर्ते होते आणि ‘मजूर पत्रिका’ हे नियतकालिक त्यांनी चालवले. जाईबाई चौधरी (जन्म १८९२, उमरेड) यांच्या शाळेचे वर्ष बहुधा १९२२ दिले जाते, क्वचित १९२४. नावातील साम्यामुळे दोन्हींची गल्लत होण्याचा संभव आहे. परंतु मधला दीड दशकाचा काळ पाहता हे दोन स्वतंत्र उपक्रम मानणे अधिक सयुक्तिक होय. जाईबाईंनी कामठी परिसरात हमाली केली होती. पुढे मिशनच्या शाळेत त्यांना शिक्षिकेची नोकरी मिळाली, पण बाई अस्पृश्य असल्याचे कळताच पालकांनी मुले काढून घेतली आणि ती नोकरी गेली. त्यानंतर त्यांनी स्वतःची शाळा काढली. वर्गासमोर आपल्याच वस्तीतली बाई मानाने उभी राहणे, हे त्या मुलींच्या दृष्टीने अक्षरओळखीइतकेच मोलाचे होते.

मानहानीचा बुद्धीवर होणारा परिणाम नंतर प्रयोगानेही दिसला. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या संशोधकांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर नसताना खालच्या मानलेल्या जातींची मुले इतरांच्या बरोबरीने कोडी सोडवत. सर्वांसमक्ष नाव आणि जात पुकारताच त्यांची कामगिरी खालावली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेने नागपूरच्या वस्त्यांतील मुलांना जी नवी ओळख मिळाली, तिचा विचार बालविकासाच्या अंगानेही व्हायला हवा. तो प्रामुख्याने धर्म व राजकारणाच्या अंगानेच झाला आहे.

मुलांना वस्तीच्या व्यवहारात सामावून घेणारी स्थानिक प्रथा म्हणजे तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी नंदीबैल सजवून दारोदार जातात आणि घरोघरी त्यांना बोजारा (खाऊ किंवा पैसे) मिळतो. परंपरेनुसार ही प्रथा दुसरे रघूजी भोसले (कारकीर्द १७८८–१८१६) यांनी सुरू केली. वर्ष सामान्यतः १८०६ सांगितले जाते. अलीकडच्या काळात क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना घेऊन सुरू केलेला फुटबॉलचा उपक्रम ‘स्लम सॉकर’ या नावाने प्रसिद्ध आहे. २०१६ मध्ये त्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. मैदान, ठरलेली वेळ आणि नाव घेऊन हाक मारणारा प्रशिक्षक एवढ्यावर त्याचा पाया आहे.