अर्वांग मंदिर

चीनच्या सिच्वान प्रांतातील दुज्यांगयान येथील ताओ पंथीय देवालय. मिन नदीच्या पूर्व काठावर, युलेई टेकडीच्या उतारावर ते पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेले आहे. नावाचा अर्थ ‘दोन राजांचे मंदिर’. इ. स. पू. तिसऱ्या शतकात मिन नदीचे पाणी विभागून कालव्यांत सोडणारा दुज्यांगयान बंधारा उभारणारा शू प्रांताचा (आजच्या सिच्वानचा) सुभेदार ली बिंग आणि त्याचा पुत्र अरलांग, हे ते दोन राजे. दोघांपैकी कोणीही राजा नव्हता. ही बिरुदे पुढील राजवटींनी दिलेली आहेत.

येथे मुळात शूचा पुराणकालीन राजा वांगदी याचे स्थान होते, इ. स. ४९४–९८ च्या सुमारास ते अन्यत्र हलवून ली बिंगची पूजा सुरू झाली, असे परंपरा सांगते. पुत्राचा प्रश्न अधिक अवघड आहे. प्राचीन चिनी इतिहासकार स्स-मा छ्येन याच्या ग्रंथात ‘शूचा सुभेदार बिंग’ एवढाच उल्लेख आहे, पुत्राचा नाही. १९७४ मध्ये नदीपात्रात ली बिंगची सुमारे २.९ मी. उंचीची पाषाणमूर्ती सापडली. तिच्यावर इ. स. १६८ चा लेख असून त्यातही पुत्र नाही. अरलांगचा बोलबाला दिसतो तो मुख्यतः सुंग राजवटीच्या काळात (९६०–१२७९). त्याला हजारो मेंढ्यांचा बळी दिला जाई. सम्राट ह्वेइझुंगने त्याला ताओ पंथीय ‘सत्पुरुष’ ठरविल्यावर रक्तबळीची अडचण झाली, अशी नोंद तत्त्वज्ञ जू शी याच्या संवादांत आहे. काही अभ्यासक अरलांगचे मूळ बौद्ध वैश्रवणाच्या (कुबेराच्या) दुसऱ्या पुत्रात शोधतात, तर काही नदीतील राक्षसाला मारणाऱ्या जाओ यू या अधिकाऱ्यात. स्थानिक जलदैवतावर ही रूपे एकामागून एक चढली असावीत, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

आजच्या वास्तू बहुतांशी चिंग राजवटीच्या काळातील (१६४४–१९१२) व १९२५ च्या आगीनंतरच्या आहेत. भिंतीवर ‘गाळ खोल उपसा, बांध ठेंगणा ठेवा’ हे सहा अक्षरी सूत्र कोरलेले आहे. वर्षातील मोठा उत्सव चांद्र सहाव्या महिन्याच्या २४ तारखेच्या आसपास होतो.

१९३३ च्या दियेशी भूकंपात वरच्या खोऱ्यात दरडी कोसळून नदी अडली. दीड महिन्याने तो बांध फुटला आणि पुराने दुज्यांगयान बंधाऱ्याच्या बांधकामाची मोठी हानी केली. १२ मे २००८ च्या वेनछ्वान भूकंपाचे (तीव्रता ७.९) केंद्र मात्र जवळच होते. मंदिराची रंगशाळा व बाजूच्या वास्तू कोसळल्या. मुख्य दालने हानी पोचूनही उभी राहिली. खाचेत कुसू बसविलेला लाकडी सांगाडा लवचिक, म्हणून मंदिर वाचले, असे सांगितले जाते. तथापि पडलेल्या वास्तूंचा सांगाडाही लाकडीच होता, तेव्हा तीव्र उतार आणि भरावाची जमीन यांचाही विचार करावा लागतो. मंदिर व बंधारा मिळून २००० पासून जागतिक वारसास्थळात मोडत असल्याने जीर्णोद्धारात शक्य तेथे जुनेच लाकूड वापरण्यात आले.