पावसाला ‘बिग’ का चालत नाही?

मराठवाड्यातल्या शाळेत ‘काल मोठा पाऊस झाला’ याचं इंग्रजी करायला सांगा, ‘बिग रेन’ हमखास येतं. व्याकरणात चूक काढता येत नाही. तरी इंग्रजी कानाला ते खटकतं, कारण तिथे पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’ आणि धुकं ‘थिक’. वजनाशी याचा संबंध नाही. रस्त्यावरची गर्दीही ‘हेवी ट्रॅफिक’च. आपल्याकडेही पाऊस मुसळधार आणि वारा सोसाट्याचा. उलट करून बघा, हसू येईल.

अशा रुळलेल्या जोड्यांना भाषाशास्त्रात कोलोकेशन म्हणतात. शब्द त्याच्या संगतीवरून ओळखावा, हे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडलं. आज ही संगत संगणक मोजतो. हिशोबापुरते आकडे धरू. १० लाख शब्दांच्या मजकुरात ‘रेन’ २०० वेळा आलं, ‘हेवी’ ३०० वेळा आणि दोन्ही शेजारीशेजारी ३० वेळा. शब्द नुसते विस्कटून टाकले असते, तर ही जोडी २०० गुणिले ३०० भागिले १० लाख, म्हणजे ०.०६ वेळा जमली असती. प्रत्यक्षात ती ५०० पट जास्त दिसते. या पटीचा दोनाच्या पायाचा लॉग (म्हणजे २ चा कितवा घात घेतला की ही पट येते तो आकडा) घेतला की जवळपास ९ येतो; तो जितका मोठा, तितकी संगत घट्ट. आता ‘द’ घ्या: तो ६० हजार वेळा येतो आणि ‘रेन’च्या आधी ६० वेळा. अपेक्षा १२ ची, म्हणजे पट फक्त ५ आणि लॉग २.३. ‘द’ सगळ्यांच्याच शेजारी बसतो, त्याची कसली संगत!

गोची पुढे आहे. एखादा चुकीचा छापलेला शब्द अख्ख्या मजकुरात एकदाच आला आणि तोही नेमका ‘रेन’ला चिकटून, तर पट ५००० होते आणि लॉग १२.३. म्हणजे मुद्रणदोष ‘हेवी’च्या वर! म्हणून जोडी निदान पाच वेळा आल्याशिवाय ती यादीत घेऊ नये.

आणखी एक: ‘टोरेन्शिअल’ दिसला की पुढे बहुधा ‘रेन’च असतं, पण ‘रेन’च्या आधी तो क्वचित येतो. ओढ एकतर्फी आहे. आपला ‘मुसळधार’ तसाच.

क्रियापदांत मराठी पोरं जास्त घसरतात. पाऊस ‘उघडला’ म्हणून ‘रेन ओपन्ड’ नाही, ‘द रेन स्टॉप्ड’. ‘पाऊस चालू आहे’ला ‘इट इज रेनिंग’. झड लागली, पावसाने ओढ दिली, दडी मारली, यांना तयार जोडी शोधू नका, अर्थ सांगा. ‘पेरणीजोगा पाऊस’ही तसाच. ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला त्या एका शब्दात मावतो. इंग्रजीत ‘इनफ रेन फॉर सोइंग’ असं उलगडावं लागतं. ‘कॅट्स अँड डॉग्स’ मात्र वहीतून खोडलं तरी चालेल. शाळेबाहेर ते फारसं कोणी बोलत नाही.

हवामान खात्याच्या इंग्रजी अंदाजात तर जोडीला आकडा बांधलेला असतो: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे ‘हेवी’, २०४.४ पर्यंत ‘व्हेरी हेवी’, त्यापुढे ‘एक्स्ट्रीमली हेवी’. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तिचं ‘एक्सेस रेनफॉल’ असं भाषांतर केलं की घोटाळा होतो. खात्याच्या भाषेत ‘एक्सेस’ हा एका दिवसाचा जोर नव्हे. ठरावीक काळातला एकूण पाऊस सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के जास्त झाला, असा त्याचा अर्थ. महिनाभर कोरडा गेलेल्या मंडळातही एका रात्रीत अतिवृष्टी होऊ शकते आणि तरी महिन्याचा पाऊस ‘डेफिशियंट’, म्हणजे सरासरीपेक्षा बराच कमी, राहू शकतो.