झाकलेली कातडी, उघडी कातडी

उन्हात राबणाऱ्याला ऊन कातडी रापवतं हे सांगावं लागत नाही. पण सुरकुत्या आणि कॅन्सर हे एकाच उन्हाचे उद्योग आहेत, हे डॉक्टरांच्या ध्यानात यायला एकोणिसावं शतक सरत आलं. हॅम्बुर्ग बंदरातले त्वचारोगतज्ज्ञ पाउल उन्ना यांना जुन्या खलाशांच्या चेहऱ्यावर आणि हाताच्या पाठीवर डाग, खरखरीत खपल्या आणि त्यांच्याच शेजारी कॅन्सर दिसे. १८९४ साली त्यांनी या कातडीचं वर्णन ‘खलाशाची त्वचा’ म्हणून केलं. पाठोपाठ फ्रान्समधल्या बोर्दोचे त्वचारोगतज्ज्ञ द्युब्रई यांना द्राक्षमळ्यांतल्या मजुरांमध्ये तेच आढळलं. पुरावा एकाच अंगावर होता: मानेवर शंकरपाळ्यासारख्या चौकटींच्या खोल रेघा, आणि सदऱ्याखालची पाठ मऊसूत.

एवढं दिसत असूनही काळ उलटा फिरला. प्रकाशोपचाराने त्वचेचा क्षय बरा करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चं नोबेल मिळालं. सूर्यस्नान आरोग्याचं लक्षण ठरलं, १९२० च्या दशकात तर फॅशन. त्याच दशकात, १९२८ मध्ये, जॉर्ज फिंडले यांनी अतिनील किरणांनी उंदरांच्या कातडीवर कॅन्सर करून दाखवला. किनाऱ्यावर पहुडलेल्यांना त्याचं काय!

आतली यंत्रणा नंतर उलगडली. यूव्हीबी या प्रकारचे अतिनील किरण पेशीतल्या डीएनएचे शेजारचे दुवे एकमेकांना चिकटवतात. दुरुस्ती चुकली की बिघाड कायमचा. यूव्हीए या दुसऱ्या प्रकारचे किरण आणखी खोल शिरून कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजन खिळखिळं करतात, आणि काचेतूनही येतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेला ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो पाहिला की हे पटतं. २८ वर्षं खिडकीकडे राहिलेला डावा गाल चिरलेल्या वाळक्या मातीसारखा, उजवा बराच तरुण.

राहता राहिला प्रश्न, हे टाळता येतं का? ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर गावात १९९२ पासून १,६२१ लोकांवर साडेचार वर्षं प्रयोग चालला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेच्या कॅन्सरच्या स्क्वॅमस सेल प्रकारच्या गाठी सुमारे ४० टक्के कमी झाल्या. बेसल सेल या दुसऱ्या प्रकारात मात्र ठळक फरक पडला नाही. सुरकुत्यांचा हिशेब २०१३ मध्ये आला: याच लोकांपैकी पंचावन्नच्या आतल्यांमध्ये रोज लावणाऱ्यांची कातडी २४ टक्के कमी वठलेली. त्यासाठी सिलिकॉनचे ठसे घेतले होते, उन्नांनी न्याहाळलेल्या त्याच जागेचे, हाताच्या पाठीचे.