जुनी कॅम्परव्हॅन विकायचीय? आधी आरसी उघडा, मग रस्ता ठरवा

ट्रॅव्हलर, विंगर किंवा ईको घेऊन आत बेड-किचन-सोलर बसवलेली गाडी विकायची म्हटलं की प्रत्येकजण आधी विचारतो, किती येतील? आम्ही जुन्या कॅम्परव्हॅन विकून देतो, आमचं सांगणं एवढंच की किती येतील ते कुठे विकताय त्यावर ठरतं, आणि कुठे विकता येईल ते तुमच्या आरसीत काय लिहिलंय त्यावर ठरतं. म्हणून फोटो काढायच्या आधी आरसी काढा आणि व्हेइकल क्लास, बॉडी टाइप आणि सीट किती, या तीन गोष्टी नीट वाचा.

तिथे मोटर कॅराव्हॅन किंवा कॅम्परव्हॅन असेल तर अर्धं काम झालं. बऱ्याच गाड्यांच्या आरसीवर मात्र अजून ओम्नीबस (म्हणजे जास्त सीटची प्रवासी गाडी) आणि १२-१३ सीट असतात आणि आत प्रत्यक्षात दोन बेड, एक सिंक आणि चारच सीट. गाडीत केलेला बदल आरटीओच्या मंजुरीने आरसीवर चढला नसेल तर समोरचा शहाणा गिऱ्हाईक लगेच विचारतो की उद्या इन्शुरन्सचा क्लेम अडकला तर काय, आणि मग किंमत पाडायला सुरुवात करतो. त्याचं चुकत नाही. अशा वेळी आधी मंजुरी घेऊन आरसी दुरुस्त करा, वेळ लागला तरी चालेल, नाहीतर खाली सांगितलेला चौथा मार्ग बघा.

पहिला मार्ग, थेट गिऱ्हाईकाला. पैसे सगळ्यात जास्त इथेच मिळतात, पण कॅम्परचं गिऱ्हाईक स्विफ्टसारखं रोज दारात येत नाही, थांबायची तयारी पाहिजे. पितृपक्षात कुणी गाडीचं नाव काढत नाही आणि दसरा-दिवाळीला, पाडव्याला फोन वाजायला लागतात, तेव्हा जाहिरात त्याच्या थोडी आधी टाका. "मी आर्मीत आहे, न बघताच घेतो, क्यूआर पाठवतो" असा फोन आला की कट करा, पैसे घ्यायला स्कॅनही करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. २ लाख किंवा त्यापेक्षा जास्त रक्कम रोख घेता येत नाही, व्यवहार बँकेतूनच करा आणि पैसे खात्यात दिसल्याशिवाय चावी देऊ नका.

दुसरा मार्ग, गाडी आमच्याकडे ठेवायची आणि आम्ही विकून द्यायची. गाडी तुमच्याच नावावर राहते, दाखवणं, ट्रायल, फालतू फोन हे सगळं आम्ही बघतो, कमिशन आधीच लेखी ठरतं. ज्यांना वेळ आहे पण रोज गाडी दाखवायला सुट्टी काढता येत नाही त्यांना आम्ही हाच सुचवतो. अट एकच, कमीत कमी किती चालतील तो आकडा पहिल्याच दिवशी खरा सांगा.

तिसरा, डीलरला रोखठोक. परदेशी शिफ्ट होताय, पार्किंग नाही, हप्ते जड जातायत, तर हाच बरा. भाव कमी येतो आणि त्याला कारण आहे, गाडी कधी जाईल माहीत नसताना त्याचा पैसा अडकतो आणि वर जीएसटी आहे. २०२५ पासून नोंदणीकृत डीलरला जुन्या गाडीच्या मार्जिनवर १८ टक्के भरावा लागतो, म्हणजे १० लाखाला घेऊन साडेअकराला विकली तर दीड लाखावर २७ हजार. तुम्ही स्वतःची घरची गाडी विकताय तर हा कर तुम्हाला नाही. डीलर आरटीओचा अधिकृत आहे का तेवढं विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरकडे गाडी देताना पोर्टलवर फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना) भरला की पुढची जबाबदारी त्याच्यावर जाते. ज्याच्याकडे ते ऑथरायझेशन नाही त्याला कोऱ्या फॉर्मवर सह्या करून अजिबात देऊ नका.

चौथा मार्ग, आतलं सामान वेगळं आणि गाडी वेगळी. आरसी बदललेली नाही आणि बदलायची इच्छाही नाही, तर हाच सरळ. लिथियम बॅटरी, कंप्रेसर फ्रीज, सोलर पॅनल, रूफ फॅन यांना मागणी असते, प्लायवूडच्या कपाटांना नसते. सीट जपून ठेवल्या असतील तर त्या परत बसवा, छताची भोकं नीट बुजवा.

आता किंमत. फर्निचरवर घातलेला पैसा परत येत नाही हे मनाला पटवून घ्या, खूप जण इथेच महिनोन्‌महिने अडकतात. जाणकार गिऱ्हाईक आल्या आल्या सिंकखालचं कपाट उघडून प्लायवूडला अंगठ्याने दाबून बघतो, फुगलेलं लागलं की पाणी गळतंय हे त्याला कळतं. मग रूफ हॅचच्या (छतावरच्या झडपेच्या) कडेचं सिलंट, मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा, नक्षी कितीही छान दिसली तरी वय तिथे छापलेलं असतं. बॅटरीचं बोलून दाखवू नका, करून दाखवा. आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, फ्रीज आणि पंखा रात्रभर चालू ठेवा, सकाळी मीटरचा फोटो काढा. हा एक फोटो दहा इंटिरिअर फोटोंपेक्षा जास्त कामाचा. गळती असेल तर लपवू नका, दुरुस्त करा आणि बिल ठेवा.

कागदांचं मात्र कुठल्याही मार्गात टाळू नका, कारण नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच. २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, मग गाडी आधीच विकलेली असली तरी. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं. गिऱ्हाईक गोव्याचं किंवा बेंगळुरूचं असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट आधी बसवून घ्या, नाहीतर ट्रान्सफरचं काम अडतं. फास्टॅग बंद करा. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) गाडीचा नसून तुमचा असतो, इन्शुरन्सवाल्याकडून त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, पुढच्या गाडीला तीन वर्षांपर्यंत लावता येतो.

अजून एक, कृषी पर्यटनवाले आणि रिसॉर्टवाले हल्ली गाड्या विचारतात, राज्याचं कॅराव्हॅन धोरण २०२१ मध्ये आलं तेव्हापासून जास्तच. पण पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, त्यामुळे ते ती पिवळ्या (व्यावसायिक) पाटीवर नेणार असतील तर तो खर्च आणि खटपट कुणाची हे टोकन घेतानाच लिहून घ्या.

गाडी बघायला आणताना आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि फिटिंगची जेवढी बिलं सापडतील तेवढी सोबत आणा. पाण्याची टाकी भरून आणा आणि बॅटरी चार्ज करून, म्हणजे पंप, फ्रीज, लाईट सगळं तुमच्यासमोरच चालवून बघू आणि चारपैकी कुठला मार्ग ते तिथेच सांगू. बघायचे पैसे घेत नाही.